सोयाबीनच्या पावतीवरचा अर्धा टक्का: संशोधनाला जातो म्हणतात, शेतकऱ्याच्या हाती काय येतं?

हिशेबनीस

नमस्कार मंडळी. मी आयोवात एका छोट्या अकाउंटिंग ऑफिसात आहे, आमचे निम्मेअधिक क्लायंट शेतकरी, एक वर्ष मका एक वर्ष सोयाबीन असं आलटून पालटून करणारे. शेतीतलं मला ओ की ठो कळत नाही पण कागद कळतात. तर एलिव्हेटरवर, म्हणजे धान्य विकत घेऊन साठवणाऱ्या कोठारावर, माल घातला की जी पावती येते त्यात ओलाव्याची कपात, काडीकचऱ्याची कपात असं सगळं असतं आणि खाली एक ओळ असते चेकऑफ म्हणून. चौकशी केल्यावर एवढं समजलं की विक्रीच्या निव्वळ किमतीचा अर्धा टक्का पहिला खरेदीदार परस्पर कापतो, देणं सक्तीचं आहे, 1990 च्या कायद्याने आलं आणि 1991 पासून सुरू आहे.

बुशेलला (धान्याचं इथलं माप) 10 डॉलर भाव धरला तर बुशेलमागे 5 सेंट. एकरी 50 बुशेल उतारा धरला तर एकरी अडीच डॉलर. हजार एकर सोयाबीनवाल्याचे वर्षाला अडीच हजार गेले. फार नाहीत, पण तोट्याच्या वर्षीही जातातच, कारण कपात विक्रीवर आहे नफ्यावर नाही.

गेल्या आठवड्यात एक क्लायंट, साठी ओलांडलेले, त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले हे पैसे संशोधनाला जातात म्हणे, मला तर तीस वर्षांत एक संशोधक बांधावर दिसला नाही. मी नुसता हसलो, काय बोलणार. पण प्रश्न डोक्यातून जाईना. बियाण्याच्या कंपन्या संशोधन करतात, औषधाच्या करतात, विद्यापीठं आहेत, कृषी खातं आहे, मग शेतकऱ्याने स्वतःच्या खिशातून वेगळं संशोधन करून घ्यायचं कारण काय? आणि त्याचा फायदा त्याच्या शेतात नेमका दिसतो कुठे? कुणी यातलं जाणकार असेल तर सांगा. पत्रकात छापतात तसलं उत्तर नको, ती पत्रकं ऑफिसात ढिगाने पडलीत.

बुरशीवाला

मी विस्कॉन्सिनला सोयाबीनच्या रोगांवर पोस्टडॉक केलंय, माझा पगार काही काळ याच पैशातून आला, त्यामुळे मी काही तटस्थ वगैरे नाही हे आधीच सांगतो.

तुमच्या क्लायंटला फायदा दिसत नाही यात त्यांची चूक नाही, कारण यातला बराचसा फायदा हा न केलेल्या खर्चाचा असतो आणि न केलेल्या खर्चाची पावती मिळत नाही. उदाहरण देतो, माव्याचं.

सोयाबीनवरचा मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारा बारीक किडा, हा मूळचा आशियातला, अमेरिकेत पहिल्यांदा सापडला 2000 साली. त्याआधी इथल्या उत्तरेकडच्या शेतकऱ्याला सोयाबीनवर कीटकनाशक फवारायची फारशी वेळच यायची नाही. आणि मग 2003 ला असा काय आला की पानं चिकट, कपडे चिकट, लोक अक्षरशः घाबरले. आता घाबरलेला माणूस काय करतो, दिसला मावा की मार फवारा. किती मावा असला तर फवारायचं हे कुणालाच माहीत नव्हतं कारण या देशात हा किडाच नवीन. मग सहा राज्यांतल्या विद्यापीठांनी एकच पद्धत ठरवून तीन वर्षं प्रयोग केले, एकूण 19, आणि पैसा होता मुख्यतः उत्तर-मध्य राज्यांच्या सोयाबीन संशोधन कार्यक्रमाचा, म्हणजे याच अर्ध्या टक्क्यातला. निघालं काय, तर झाडामागे सरासरी 674 मावे झाले की नुकसान फवारणीच्या खर्चाइतकं होतं, आणि मावा साधारण आठवड्यात दुप्पट होतो, म्हणून तिथे पोचायच्या सात दिवस आधी निर्णय घ्यायचा तर आकडा येतो 273. तो गोल करून 250 सांगतात. झाडामागे 250, संख्या वाढती, आणि शेतातल्या 80 टक्क्यांहून जास्त झाडांवर, तर फवारा, नाहीतर घरी जा.

आता मला सांगा, हा प्रयोग कोणत्या औषध कंपनीने केला असता? म्हणजे मी कंपन्यांना शिव्या देत नाहीये, तिथे माझे मित्र आहेत, पण जे संशोधन शेवटी "थांब, अजून फवारू नकोस" असं सांगणार आहे त्याला पैसे द्यायला त्यांचे भागधारक कशाला तयार होतील. विद्यापीठाकडे माणसं आहेत, शेतं आहेत, पण सहा राज्यांत तीन उन्हाळे मजूर लावून झाडाझाडावरचे मावे मोजायला पैसा लागतो आणि तो कुणीतरी द्यावा लागतो.

माळरान

बुरशीवाले, गोष्ट छान आहे पण जरा पाणी घालतो त्यात.

एक म्हणजे अर्धा टक्का म्हणजे सगळा संशोधनाला नाही. निम्मा राज्याच्या सोयाबीन मंडळाकडे राहतो, निम्मा राष्ट्रीय मंडळाकडे जातो, युनायटेड सोयाबीन बोर्ड. आणि दोन्हीकडे त्यातून परदेशात सोयाबीन खपवणं, पेंड विकणं, तेलाचे नवे उपयोग, प्रचार, असं बरंच काही चालतं. शेतातलं संशोधन हा त्यातला एक वाटा. त्यामुळे हिशेबनीस, तुमचे अडीच हजार पूर्ण प्रयोगशाळेत गेले असं समजू नका.

दुसरं, सक्ती. सुरुवातीला परतावा मागता यायचा, नंतर तोही बंद झाला. 1994 ला शेतकऱ्यांचं मतदान झालं, बहुमत पडलं, ठीक. पण त्यानंतर हे चालू ठेवायचं का यावर पुन्हा मतदान झालेलं नाही. दर पाच वर्षांनी कृषी खातं विचारतं की मतदान हवंय का, हवं म्हणणारे 10 टक्के भरले तरच मतदान, आणि ते कधी भरत नाहीत. याचा अर्थ लोक खूश आहेत असा पण निघतो आणि कुणाला फॉर्म भरायला वेळ नाही असा पण निघतो.

तिसरं, राष्ट्रीय मंडळाच्या 2019 च्या अभ्यासात आलं की एका डॉलरमागे 12 डॉलर 34 सेंट परत मिळाले. अभ्यास बाहेरच्या अर्थतज्ज्ञांकडून करून घेतात, कायद्यानेच दर पाच वर्षांनी करावा लागतो, पण पैसे मंडळच देतं ना. मी अर्थशास्त्रवाला आहे, मॉडेलमध्ये काय गृहीत धरलं त्यावर असले आकडे नाचतात. आणि हा परतावा सगळ्या शेतकऱ्यांचा मिळून, त्यातला तुमच्या क्लायंटच्या वाट्याला किती आला ते त्यात लिहिलेलं नसतं.

हिशेबनीस

माळरान, धन्यवाद, हेच ऐकायचं होतं. 12.34 हा आकडा आमच्या ऑफिसातल्या पत्रकावर मोठ्या अक्षरात आहे, दोन दशांश स्थळांपर्यंत! मी अकाउंटंट असून इतका ठाम नसतो.

पण मग सक्ती काढून टाकली तर काय होईल? ज्याला पटेल त्याने द्यावे.

माळरान

नाही, तिथे मी बुरशीवाल्यांच्याच बाजूने आहे, सक्ती मला आवडत नसली तरी तिचं कारण पटतं. वरचंच उदाहरण घ्या, 250 चा आकडा एकदा छापून आला की तो ज्याने पैसे दिले त्यालाही फुकट आणि ज्याने नाही दिले त्यालाही फुकट. आकड्याला कुंपण घालता येत नाही. मग हुशार माणूस म्हणणार शेजारी देईल, मी वापरीन. सगळेच हुशार निघाले की आकडाच निघत नाही. आणि एकट्या शेतकऱ्याच्या अडीच हजारात काय होणार, एका माणसाचा उन्हाळ्याचा पगारही निघत नाही. सगळ्यांचे थोडे थोडे जमले तरच होतं. माझं म्हणणं एवढंच की सक्तीने घेता ना, मग हिशेब चोख द्या आणि अर्ध्या टक्क्यातला संशोधनाचा वाटा वाढवा.

हां, अजून एक, या पैशातून राजकारण्यांकडे खेटे घालायला कायद्याने बंदी आहे. धोरणासाठी भांडणारी सोयाबीन संघटना वेगळी, तिची वर्गणी वेगळी. लोक हे दोन कायम एक समजतात.

रानवाट

मी क्रॉप स्काउट आहे, म्हणजे उन्हाळाभर लोकांच्या शेतात चालत फिरते आणि काय दिसलं ते लिहून देते, मूळची शिक्षिका पण ते जाऊ दे. वरची चर्चा फार हुशारीची झालीय, मी जमिनीवरचं सांगते.

माझ्या शेतकऱ्यांना सगळ्यात जास्त पैसे वाचवून दिले असतील तर ते बियाण्याच्या दाटीने. पूर्वी इथे लोक एकरी दीड लाख, पावणेदोन लाख दाणे सर्रास पेरायचे, काही त्याहून जास्त, कारण बाप तसंच पेरायचा आणि विरळ रान दिसलं की शेजारी नावं ठेवतो. अनेक राज्यांतल्या चाचण्यांतून पुन्हा पुन्हा तेच आलं की हंगामाच्या शेवटी एकरी एक लाख रोपं जगली असली तर उतारा पूर्ण मिळतो, सोयाबीन मोकळी जागा दिसली की फांद्या काढून ती भरून घेतं. यातल्या बऱ्याच चाचण्या राज्यांच्या सोयाबीन मंडळांच्या पैशावर झाल्यात. बियाण्याची एक बॅग म्हणजे 1 लाख 40 हजार दाणे. एकरी 35 हजार दाणे कमी केले तर पाव बॅग वाचली, हजार एकरला अडीचशे बॅगा. आता हिशेबनीस तुम्हीच करा गणित, तुमच्याकडे बियाण्याची बिलं असतीलच.

अर्थात हे डोळे मिटून करायचं नाही, जड जमीन, थंडीत पेरणी, माती कडक होऊन रोप वर येत नाही अशा ठिकाणी जास्तच टाकावं लागतं, आणि एक लाख जगवायचे म्हणजे पेरायचे त्याहून जास्त. पण सांगायचा मुद्दा असा की कमी बियाणं घ्या असं सांगायला बियाणंवाला येणार नाही. मला एकदा एका विक्रेत्याने तोंडावर सांगितलंय की ताई तुम्ही आमचा धंदा बसवताय. मी म्हटलं, दादा, मी नाही, फांद्या बसवतात.

तेच बीजप्रक्रियेचं. निओनिकोटिनॉइड नावाचं कीटकनाशक आधीच लावलेलं बियाणं सर्रास खपतं, आणि माव्यासाठी चांगलं असं लोकांच्या मनात बसलंय. औषधाचा असर पेरणीनंतर जेमतेम तीन आठवडे, आणि मावा येतो त्याच्या कितीतरी नंतर. डझनभर विद्यापीठांनी मिळून हे लिहून काढलंय, 2014 ला ईपीएने, म्हणजे सरकारच्या पर्यावरण संस्थेनेसुद्धा म्हटलं की सोयाबीनला याचा फायदा बहुतेक परिस्थितीत नगण्य. तरी विकलं जातंच, कारण ते बॅगेत आधीच लावलेलं येतं. संशोधन झालं म्हणजे लोक ऐकतातच असं नाही हो.

बुरशीवाला

ताई, फांद्यांचं उत्तर लय भारी. 😄

विषय निघालाच आहे तर तांबेऱ्याचं पण सांगून टाकतो, माव्यापेक्षाही मला हे जास्त आवडतं. 2004 च्या नोव्हेंबरात लुइझियानात आशियाई तांबेरा, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग, सापडला. दक्षिण अमेरिकेतून चक्रीवादळाबरोबर बुरशीचे बीजाणू उडत आले असा अंदाज. ब्राझीलमध्ये या रोगाने काय केलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं, तिथे हंगामात दोन-दोन तीन-तीन फवारण्या कराव्या लागत होत्या, त्यामुळे 2005 च्या पेरणीआधी इकडे नुसती पळापळ, लोक बुरशीनाशक साठवून ठेवत होते, ज्यांनी आयुष्यात सोयाबीनवर बुरशीनाशक मारलं नव्हतं ते.

मग पहारेकरी प्लॉट लावले. दक्षिणेपासून वरपर्यंत छोटे छोटे तुकडे, लवकर पेरलेले, मुद्दाम रोगाला आधी बळी पडावेत म्हणून, आणि दर आठवड्याला कुणीतरी जाऊन पानं खुडून भिंगाखाली बघायचं, सापडलं की नकाशावर त्या काउंटीला (जिल्ह्याला) लाल रंग. बस एवढंच. ही बुरशी जिवंत पानावरच जगते, कडाक्याच्या थंडीत उत्तरेला टिकत नाही, दर वर्षी दक्षिणेकडून नव्याने चढत यावं लागतं, त्यामुळे खाली लाल नसेल तर वर फवारायचं कारण नाही. 2005 ला तो दक्षिणेकडच्या राज्यांतच अडकला, आयोवा-इलिनॉयपर्यंत पोचलाच नाही. कृषी खात्याच्या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर हिशेब केला की त्या एका वर्षी या माहितीची किंमत 1 कोटी 10 लाख ते 29 कोटी 90 लाख डॉलर इतकी होती. पट्टा केवढा मोठा आहे बघा, माळरान यांना इथेपण हसू येईल, पण खालचा आकडा धरला तरी पानं खुडायच्या मजुरीपेक्षा कितीतरी जास्त. सुरुवातीला पैसा सरकारी आणि चेकऑफचा दोन्ही होता, सरकारी आटत गेला तसं शेतकऱ्यांच्या मंडळांनी पुढे बरीच वर्षं हे ओढलं.

तुमच्या क्लायंटनी 2005 ला बुरशीनाशक मारलं होतं का विचारा. मारलं नसेल तर का नाही मारलं तेही विचारा. बहुतेक म्हणतील "रेडिओवर सांगितलं की आला नाही म्हणून". ते रेडिओवाल्याला कुणी सांगितलं?

जनुकवेडा

सगळे फवारणी-न-फवारणीवरच बोलताय, वाणांकडे कुणीच बघेना. मी सोयाबीनच्या जनुकांवर काम करतो म्हणून राहवत नाही.

सोयाबीनचा अमेरिकेतला सगळ्यात मोठा चोर म्हणजे सिस्ट नेमॅटोड, मुळांवरची सूत्रकृमी. 1954 ला नॉर्थ कॅरोलायनात पहिल्यांदा सापडली, आता जवळजवळ सगळ्या सोयाबीन पट्ट्यात आहे. वरून झाड हिरवंगार दिसतं आणि 30 टक्क्यांपर्यंत उतारा गेलेला असतो, शेतकरी म्हणतो यंदा पाऊस कमी पडला. यावर उपाय म्हणजे प्रतिकारक वाण, आणि इथे गंमत अशी की बाजारातल्या प्रतिकारक वाणांपैकी 95 टक्क्यांच्या आसपास वाणांचा प्रतिकार एकाच जुन्या चिनी वाणातून आलाय, पीआय 88788. इतकी वर्षं तोच तोच वापरल्यावर सूत्रकृमी त्याला सरावली. एकच कुलूप सगळ्या घरांना लावलं तर चोर कधीतरी किल्ली बनवणारच.

हे उघडकीला कसं आलं? आयोवा स्टेट विद्यापीठ दर वर्षी कितीतरी प्रतिकारक वाण शेतकऱ्यांच्या चेकऑफच्या पैशावर लावून बघतं, आणि नुसता उतारा नाही, हंगामाच्या सुरुवातीला मातीत सूत्रकृमीची किती अंडी होती आणि शेवटी किती झाली तेही छापतं, वाणाच्या नावासकट. कोणत्याही कंपनीचं वाण असो. वर्षानुवर्षांच्या त्या आकड्यांत स्पष्ट दिसत गेलं की पीआय 88788 वर अंडी वाढत चाललीत. अलीकडच्या चाचण्यांत अशा शेतांमध्ये पेकिंग नावाच्या दुसऱ्या स्रोताचे वाण सरस ठरतात. पेकिंगचे वाण आधी कमी होते, आता कंपन्या वाढवताहेत. कुणीतरी बाहेरून आकडे लावून धरले म्हणून शेतकरी मागायला लागले, माझं तरी असं मत आहे.

आणि मुळात हा प्रतिकार काम कसा करतो ते कळलं 2012 ला. भन्नाट प्रकार आहे. एक जनुक नाहीच, शेजारी शेजारी बसलेल्या जनुकांचा एक तुकडाच्या तुकडा पुन्हा पुन्हा लिहिलेला आहे, साध्या सोयाबीनमध्ये एकदा, पेकिंगमध्ये तीनदा, पीआय 88788 मध्ये दहाच्या आसपास. पिढ्यान्‌पिढ्या पैदासकार तो तुकडा न कळताच निवडत आले होते. त्या कामातही सोयाबीन बोर्डाचा पैसा होता. 2010 ला सोयाबीनचा पूर्ण जनुकसंच वाचून झाला, त्यानंतर इलिनॉयच्या अर्बानातल्या सरकारी बीजपेढीतल्या वीस हजारांच्या वर नमुन्यांची डीएनए खुणांवरून छाननी झाली, त्यालाही बोर्डाने हातभार लावला, आणि तो सगळा डेटा उघडा आहे, कुणीही वापरा. हे महत्त्वाचं का, तर इथल्या वाणांची वंशावळ फार अरुंद आहे हो. 1947 ते 1988 मधल्या सार्वजनिक वाणांची 95 टक्के जनुकं फक्त 35 पूर्वजांकडून आलीत. नवीन काही हवं तर त्या पेढीतच शोधावं लागणार.

माळरान

जनुकवेडा, डेटा उघडा आहे म्हणजे कंपन्याही वापरतात ना? म्हणजे शेतकऱ्याने अर्धा टक्का देऊन संशोधन केलं, कंपनीने ते फुकट उचललं, वाण केलं, पेटंट घेतलं आणि त्याच शेतकऱ्याला बॅग विकली. दोनदा पैसे. हे कुणी बोलत नाही.

जनुकवेडा

बोलतात, मंडळाच्या बैठकांत शेतकरीच बोलतात, मी ऐकलंय. खोटं नाही तुमचं. विद्यापीठांचे स्वतःचे वाण आहेत पण बाजारात त्यांचा वाटा छोटा. पण उलटं बघा, डेटा बंद ठेवला तर तो सगळ्यात मोठ्या दोन-तीन कंपन्यांच्या कपाटात त्यांचा त्यांचा असणारच आहे, लहान बियाणंवाले आणि विद्यापीठं मात्र मागे राहतील. उघडा असल्याने निदान शर्यतीत चार जास्त घोडे. समाधानकारक उत्तर आहे का हे? मला स्वतःला पूर्ण नाही.

रानवाट

तुमचं घोड्यांचं चालू द्या, मला एक साधा प्रश्न आहे, हिशेबनीस, तुमच्या त्या काकांनी शेतातली माती सूत्रकृमीसाठी कधी तपासलीय का? मी पैज लावते, नाही. माझ्याकडचे दहातले सात म्हणतात आमच्याकडे नाही ती कीड. बघितलीय का? नाही. मग कसं माहीत? नाहीच आहे. 🙄

नॉर्थ डकोटा, मिसुरी अशा राज्यांत चेकऑफच्या पैशातून ही तपासणी फुकट करून देतात, तरी लोक मातीची पिशवी भरून पोस्टात टाकत नाहीत. संशोधक बांधावर येत नाही म्हणे, अहो तुम्ही पिशवी तरी पाठवा.

हिशेबनीस

रानवाट ताई, पैज जिंकलात. 😀 काल ते करांच्या कागदांसाठी आले होते, विचारलं. कधीच तपासलेली नाही. एक 80 एकरांचा तुकडा आहे, तिथे सोयाबीन कायम बाकीच्यापेक्षा पाच-सहा बुशेल कमी पडतं, मका मात्र उत्तम येतो, जमीन तशीच आहे म्हणाले. आणि 2005 ला बुरशीनाशक मारलं नव्हतं, कारण विचारलं तर बुरशीवाल्यांनी लिहिलं तेच जवळजवळ शब्दशः, रेडिओवर सांगितलं होतं म्हणे!! मी पहारेकरी प्लॉटची गोष्ट सांगितली तर जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले तेवढ्याने काय होतं. पण पावतीवरच्या ओळीवर यावेळी बोट ठेवलं नाही.

बियाण्याचं गणितही केलं ताई. त्यांच्या शेवटच्या बिलावरून ते एकरी 1 लाख 65 हजार पेरतात. बिलातला भाव धरून मी 30 हजार कमी केले तर एकरी जी बचत निघते ती अडीच डॉलरच्या कितीतरी पट आहे. आकडा त्यांना दाखवला, ते म्हणाले एका बाजूच्या 40 एकरांत करून बघतो, सगळीकडे नाही. मला वाटतं हे ठीक आहे.

आता त्या 80 एकरांचं सांगा. मका नीट आणि फक्त सोयाबीन कमी, ही ती सूत्रकृमी असू शकते का? आणि माती कधी, कशी घ्यायची?

रानवाट

मका नीट आणि सोयाबीनच कमी म्हणजे शंका घ्यायलाच हवी, मक्यावर ती वाढत नाही. पण नुसतं असू शकतं म्हणते, तपासल्याशिवाय नाही, पाणी साचत असेल, पोटॅश कमी असेल, दुसऱ्या मुळकुज्या असतील, काहीही.

कधी, तर सोयाबीन काढलं की लगेच घ्या, तेव्हा अंड्यांची संख्या भरपूर असते आणि पुढचं सोयाबीन यायला वर्ष हातात राहतं. पुढच्या वर्षी तिथे मका असला तरी चालेल. 80 एकर एका पिशवीत कोंबू नका, साधारण 20-20 एकरांचे चार भाग पाडा, उंच-सखल, मातीचा रंग बघून. प्रत्येक भागात नागमोडी चालत 15 ते 20 ठिकाणी गिरमिट घालायचं, सात-आठ इंच खोल, मुळांच्या ओळीजवळ, दोन ओळींच्या मधे नाही. सगळं बादलीत नीट कालवायचं, त्यातली दोन मुठी पिशवीत. पिशवी उन्हात गाडीच्या काचेमागे ठेवू नका, लोक हमखास ठेवतात. आणि पिशवीवर भाग कोणता ते लिहा, न लिहिता आलेल्या चार पिशव्या मी आयुष्यात पुरेशा बघितल्यात.

जनुकवेडा

आणि अंडी निघाली तर काकांना एवढंच विचारा की त्या तुकड्यात आत्तापर्यंत पेरलेल्या वाणांच्या पत्रकावर प्रतिकाराचा स्रोत काय लिहिलाय. बहुतेक सगळीकडे पीआय 88788 असेल. मग पुढच्या सोयाबीनला पेकिंगवालं वाण बघा, आयोवा स्टेटच्या चाचणीतल्या यादीत त्यांच्या भागातलं नाव सापडेल. पण आता कायम पेकिंगच असं पण नको, सूत्रकृमी त्यालाही सरावते. एकदा हा, एकदा तो, मधे मका.

हिशेबनीस

लिहून घेतलं सगळं. पीआय 88788 हा नंबर त्यांना पाठ करायला लावतो, करांचे फॉर्म नंबर पाठ आहेत तसा. कापणी झाली की रिपोर्ट इथेच टाकतो.

माळरान

टाका नक्की. आणि 40 एकरांचा उतारा पण, बाकीच्या शेताशेजारी ठेवून. माझ्यासारख्याला तो आकडा 12.34 पेक्षा जास्त पटेल.